जुना फ्लाइट सिम्युलेटर विंडोज ११ वर चालेना, आणि माझा सांबरा गायब झालाय

लेथवाला_उद्यमबाग
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबड लावतोय, पण मदत पाहिजे.

दिवसभर लेथवर उभारून आलो की जेवण झाल्यावर तासभर विमान उडवायचं, हा माझा जवळजवळ वीस वर्षांचा नेम. घरात दोन सिम (सिम्युलेटर) आहेत. एक मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर २००४, चार सीड्यांचा. दुसरा एफएसएक्स, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर एक्स, दोन डीव्हीड्यांचा. दोन्ही पैसे मोजून घेतलेले, खोकी अजून कपाटावर आहेत.

गेल्या पावसात जुन्या मशीनचा मदरबोर्ड गेला. ते विंडोज ७ होतं, नेटला कधी जोडलोच नव्हतो. आता पोरानं नवीन कॉम्प्युटर घेऊन दिलाय, विंडोज ११ वाला. त्यात सीडी घालायला जागाच नाही! यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणलो आणि बसवायला सुरुवात केलो.

आता भानगडी ऐका. २००४ बसतो, पण आयकॉनवर डबल क्लिक केलं की माऊसजवळ चाक एक सेकंद फिरतंय आणि संपलं. एरर नाही, काही नाही. एफएसएक्स चालतंय, पण मेनू सात-आठ वेळा उघडला की विमान हवेत असतानाच खिडकी बंद. काल गोव्याच्या दाबोळीहून निघालो, घाट चढलो आणि डेस्कटॉपवर उतरलो.

तिसरं दुखणं मोठं. २०१७ च्या सप्टेंबरात सांबऱ्याचं, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळाचं, नवीन टर्मिनल सुरू झालं आणि धावपट्टी २,३०० मीटरची झाली. सिममध्ये जुनीच, १,८३० ची. मग मी अ‍ॅफकॅड हा सिममधले विमानतळ बदलायचा प्रोग्राम घेऊन बसलो. महिनाभर रोज रात्री धावपट्टी लांबवलो, टॅक्सीवे ओढलो, नवीन एप्रन (विमानं उभी करायची जागा) घातलो. जुनी हार्डडिस्क चांगली आहे. ती केबलनं जोडून प्रोग्राम फाईल्समधलं अख्खं फ्लाइट सिम्युलेटर ९ चं (म्हणजे २००४ चंच) फोल्डर कॉपी केलो. त्यात सगळं आहे, फक्त माझी सांबऱ्याची फाईल नाही. मी डोळ्यांनी बघितलेली फाईल आहे ओ ती. कुठं गेली?

खानापूर_एक्सप्रेस
मंगळवार, रात्री ११:०५

काका, नवीन सिम घ्या की. २०२० वाल्यात सगळी दुनिया उपग्रहाच्या फोटोतनं बनवलेली आहे. बेळगाव किल्ल्याचा खंदकसुद्धा दिसतोय.

लेथवाला_उद्यमबाग
मंगळवार, रात्री ११:२०

अरे बाबा, त्याला दीडशे जीबी जागा लागते, वर चांगलं ग्राफिक कार्ड, आणि ते उपग्रहाचे फोटो बघायला उडताना सारखं नेट पाहिजे. पोरानं दिलेल्या मशीनमध्ये वेगळं कार्डच नाही. आणि नवीन लेथ आला म्हणून हाताला बसलेला जुना कोण मोडीत घालतंय काय?

निपाणीकर
बुधवार, सकाळी ७:५०

लेथवाले, तुमची तीनही दुखणी वेगवेगळी आहेत, एका गोळीनं बरी होणार नाहीत. आधी २००४ चं सांगतो.

त्या सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप आहे. डुप्लिकेट सीडी चालू नये म्हणून त्या काळच्या बऱ्याच खेळांवर ते असायचं. हे कुलूप उघडायला विंडोजमध्ये एसईसीडीआरव्ही नावाचा एक ड्रायव्हर होता, तो थेट विंडोजच्या गाभ्यात बसायचा. त्यात सुरक्षेची भोकं सापडली. म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं तो ड्रायव्हर ठेवलाच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात एक अपडेट आलं आणि व्हिस्टा, ७ आणि ८ वरसुद्धा तो बंद केला गेला. ७ वर निदान हातानं चालू करता यायचा. १० आणि ११ वर चालू करायला तो आहेच कुठे?

म्हणजे खोटी सीडी ओळखायला लावलेल्या कुलपानं आता खरी सीडी बाहेर उभी केली आहे. तुमचं मशीन नेटला नव्हतं, अपडेट आलंच नाही, म्हणून तुम्हाला इतकी वर्षं याचा पत्ता लागला नाही.

कंपॅटिबिलिटी मोडमध्ये एक्सपी निवडा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, असं शंभर जण सांगतील. या बाबतीत उपयोग शून्य. मोड बदलला तरी ड्रायव्हर येत नाही.

ढगातला_भिडू
बुधवार, सकाळी ९:१२

[प्रतिसाद काढला आहे.]

व्यवस्थापक
बुधवार, सकाळी ९:३०

सीडी न लागणाऱ्या फोडलेल्या फायलींचे दुवे इथे देऊ नयेत. एक तर नियमात बसत नाही, आणि असल्या फाईलबरोबर घरात काय काय शिरेल हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. विकत घेतलेल्या सीडीवरच्या माणसाची चिडचिड समजते. तरीही नाही.

भालकीकर
बुधवार, दुपारी १:१५

आमच्याकडं बीदर जिल्ह्यात माझ्या दुकानात एक जुनं एक्सपीचं मशीन मुद्दाम ठेवलंय. नेट नाही, पेनड्राइव्ह पण आधी तपासूनच. त्यावर २००४ लोण्यासारखं चालतं. लेथवाले, तुमचा बोर्ड गेलाय, डिस्क आणि बाकी जिवंत आहे ना? तोच बोर्ड जुन्या बाजारात मिळतोय काय बघा. नव्या मशीनशी भांडत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

टिळकवाडी_०८३१
बुधवार, रात्री ९:४५

काका, मी मूळची टिळकवाडीची, आता नोकरीसाठी पुण्यात. लहानपणी दादाबरोबर हाच २००४ खेळलेय. राईट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं झाली म्हणून २००३ साली तो आला होता, त्यामुळे त्यात त्यांचं १९०३ चं विमानसुद्धा आहे. आम्ही ते सांबऱ्यावरून उडवायचो आणि रोज आपटायचो.

हरवलेल्या फाईलबद्दल मला एक शंका आहे. जुन्या मशीनवर सिम प्रोग्राम फाईल्समध्येच बसवला होता ना? अ‍ॅफकॅड नुसता डबल क्लिक करून उघडत होता, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून नाही? तसं असेल तर फाईल हरवलेली नाही. ती त्या जागी कधी गेलीच नव्हती.

होतं असं. व्हिस्टापासून पुढे प्रोग्राम फाईल्समध्ये साध्या प्रोग्रामला लिहायची परवानगी नाही. पण एक्सपीच्या काळातले प्रोग्राम तर बिनधास्त तिथेच लिहायचे. ते सगळे एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोजनं एक चलाखी केली. जुना प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला ‘हो, लिहिलं’ म्हणतं आणि फाईल गुपचूप तुमच्या नावाच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. तोच प्रोग्राम परत वाचायला आला की दोन्हीकडचं एकत्र करून दाखवतं. अ‍ॅफकॅडला वाटतं फाईल अ‍ॅडऑन सीनरीत (सिमच्या जादा देखाव्यांच्या फोल्डरमध्ये) आहे, सिमलाही तसंच वाटतं, आणि तुम्हालाही. कॉपी करताना मात्र तुम्ही एकच बाजू उचललीत.

जुन्या डिस्कवर यूजर्स, त्यात तुमचं नाव, त्यात अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर असं जा. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं, आधी व्ह्यूमध्ये जाऊन लपलेली फोल्डरं दाखवायला सांगा. आत पुन्हा प्रोग्राम फाईल्स आणि त्यात सिमचं फोल्डर दिसेल. नाव एएफ२ नं सुरू होणारी आणि बीजीएलनं संपणारी फाईल शोधा. सीनरी.सीएफजी ही देखाव्यांच्या सेटिंगची फाईल पण तिथे असेल तर तीही घ्या.

लेथवाला_उद्यमबाग
बुधवार, रात्री ११:३८

सापडली.

ताई, तुम्ही सांगितला तसा गेलो. सांबरा आहे. त्याच्या शेजारी कोल्हापूर पण आहे, ते मी अर्धवट केलो होतो आणि विसरूनच गेलो होतो. सीनरी.सीएफजी पण आहे, धावपट्टीखालची जमीन सपाट करायच्या माझ्या ओळींसकट. तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलो. एक पेनड्राइव्ह बायकोच्या डब्यात ठेवलाय, तिथं कुणी हात लावत नाही.

सांबरा_निवृत्त
गुरुवार, सकाळी ६:१०

सुप्रभात. मी हवाई दलातून निवृत्त, माझं प्रशिक्षण सांबऱ्यालाच झालं. १९४२ साली ब्रिटिशांनी युद्धासाठी बांधलेला तळ आहे तो. धागा वाचून बरं वाटलं.

एक सूचना. नवीन मुलं सिममध्ये विमानतळ शोधताना व्हीओबीएम हा सांबऱ्याचा आजचा कोड टाकतात आणि ‘सापडला नाही’ म्हणून सिमला शिव्या घालतात. त्या काळात आपला कोड व्हीएबीएम होता. गोव्याचा व्हीएजीओ, हुबळीचा व्हीएएचबी. आता तिन्हींचं दुसरं अक्षर ओ झालं आहे. जुन्या सिममध्ये जुनाच कोड टाकावा, आणि फाईल बनवतानाही तोच ठेवावा. नाहीतर सिमला ते दोन वेगळे विमानतळ वाटतील आणि एकावर एक दोन धावपट्ट्या दिसतील.

लेथवाला_उद्यमबाग
गुरुवार, सकाळी ८:०२

साहेब, नावाचं पण तसंच आहे. २०१४ मध्ये सरकारी कागदावर बेळगावी झालं, सिममध्ये अजून बेळगावच आहे. आमच्या घरासारखं.

निपाणीकर
गुरुवार, सकाळी ८:२०

व्यवस्थापक यायच्या आत विषयावर येऊया. एफएसएक्सचं कोण सांगतंय?

टिळकवाडी_०८३१
गुरुवार, रात्री १०:१५

मी सांगते, त्यावर मीही बरीच डोकेफोड केली आहे.

काका, आधी आहे ते सगळं काढा आणि प्रोग्राम फाईल्सच्या बाहेर बसवा. सरळ सी ड्राइव्हवर किंवा डी असेल तर डी वर ‘एफएसएक्स’ नावाचं फोल्डर करून. सांबऱ्याच्या फाईलचं जे झालं ते पुन्हा नको. बसवून झाल्यावर एकदा सुरू करा, एखादं विमान उडवा, बंद करा. मग सर्व्हिस पॅक १, परत एकदा सुरू करून बंद. मग सर्व्हिस पॅक २. अ‍ॅक्सलरेशन या एफएसएक्सच्या जोड-पॅकची डिस्क असेल तर पॅक २ वेगळा लागत नाही, त्यातच आहे. कंटाळवाणं आहे, पण क्रम मोडला की नंतर कुठला दोष कुठून आला तेच कळत नाही.

मेनू उघडला की बंद पडणं हे जुनं आणि प्रसिद्ध दुखणं आहे, विंडोज ७ आलं तेव्हापासूनचं. विंडोजची युआय ऑटोमेशन कोअर नावाची एक डीएलएल (प्रोग्राम वापरतात ती सामाईक फाईल) आहे, तिच्या नव्या आवृत्तीशी एफएसएक्सचं पटत नाही. व्हिस्टाच्या काळातली तीच डीएलएल एफएसएक्सच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवली की सिम आधी स्वतःच्या घरातली उचलतो आणि बंद पडणं थांबतं. फक्त सिमच्या फोल्डरमध्ये ठेवायची, विंडोजच्या सिस्टम फोल्डरमधली बदलायची नाही. आणि ‘फुकट डीएलएल डाउनलोड’ असल्या साइटवरून घेऊ नका. कुणाकडे व्हिस्टाचं जिवंत मशीन किंवा डिस्क असेल तर तिथून घ्या.

मग एफएसएक्स.सीएफजी, म्हणजे सिमच्या सेटिंगची फाईल. ही फाईल अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एफएसएक्स या वाटेवर मिळेल. नोटपॅडमध्ये उघडा, ग्राफिक्स असं चौकटी कंसात लिहिलेला भाग शोधा आणि त्याखाली नवीन ओळ घाला: हायमेमफिक्स=१ (HIGHMEMFIX=1). इंग्रजीत, सगळी कॅपिटल अक्षरं, मध्ये जागा न सोडता. ही नसली की लांबच्या उड्डाणात इमारती काळ्या पडतात, विमानाचं पोत (वरचा रंग-चित्र) गायब होतं.

भालकीकर
गुरुवार, रात्री १०:५०

आणि कंपॅटिबिलिटीत एक्सपी सर्व्हिस पॅक ३ टिक करा, मी नेहमी करतो.

टिळकवाडी_०८३१
गुरुवार, रात्री ११:०४

२००४ ला करा दादा, एफएसएक्सला नको. माझ्याकडे त्या टिकनंच नव्या अडचणी आल्या होत्या. दुखणं नसताना औषध कशाला?

भालकीकर
गुरुवार, रात्री ११:०९

मान्य. सवयीनं टिक करतोय खरं.

खानापूर_एक्सप्रेस
शुक्रवार, दुपारी ४:३०

एक प्रश्न. माझ्याकडं मित्राचा गेमिंग लॅपटॉप आहे, आठ कोअरचा. त्यावर एफएसएक्स मुंबईला सेकंदाला बावीस फ्रेमवर आलं. २००६ चा खेळ आहे राव! असं कसं?

निपाणीकर
शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

हा प्रश्न माझ्या दुकानात महिन्यातून एकदा येतोच.

ते लिहिलं गेलं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की प्रोसेसरचा वेग असाच वाढत जाणार. आज तीन गिगाहर्ट्झ, पुढे सहा, मग दहा. त्या हिशोबानं त्यांनी सिम आजच्या मशीनसाठी नाही, पुढच्या मशीनसाठी बनवला. झालं उलटंच. वेग तिथेच थांबला आणि कोअर वाढत गेले. एफएसएक्सचं मुख्य काम मात्र एकाच कोअरवर चालतं. पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये जमिनीचं चित्र भरायचं काम बाकीच्या कोअरवर टाकलं, पण गाडा ओढणारा बैल एकच. बाकी सात बांधावर चरत बसतात.

त्यामुळे एफएसएक्ससाठी कोअर मोजू नका, एका कोअरचा वेग बघा. गर्दीच्या विमानतळावर एआय ट्रॅफिक (सिमनं उडवलेली इतर विमानं) आणि ऑटोजेन (आपोआप उगवणारी घरं-झाडं) खाली आणा. रस्त्यावरच्या गाड्या तर सरळ शून्य करा, वरून दिसत पण नाहीत नीट.

आणखी एक मर्यादा म्हणजे तो ३२ बिटचा प्रोग्राम आहे. मशीनमध्ये ३२ जीबी रॅम घातली तरी चारच्या वर तो बघूच शकत नाही. जड विमान, जड सीनरी, तीन तासांचं उड्डाण, आणि उतरायच्या दहा मिनिटं आधी ‘मेमरी संपली’. त्यावर औषध नाही, पथ्य आहे.

सांबरा_निवृत्त
शनिवार, सकाळी ६:०५

माझा जॉयस्टिक पंधरा पिनांच्या गेमपोर्टचा आहे. नव्या मशीनवर कन्व्हर्टर लावून चालेल काय?

निपाणीकर
शनिवार, सकाळी ९:००

साहेब, गेमपोर्टचा आधार व्हिस्टातच काढला होता. यूएसबीचे कन्व्हर्टर मिळतात, पण काही नुसत्या पिना जोडतात, काही खरोखर सिग्नल बदलतात. नुसत्या पिनावाले निरुपयोगी. मी असतो तर साधा यूएसबीचा नवीन घेतला असता.

लेथवाले, तुमचा यूएसबीचा असेल तर एक करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ यावरची टिक काढा. ऑटोपायलटवर अर्धा तास गेला, जॉयस्टिक हलला नाही, की विंडोज त्याला झोपवतं. उतरायच्या वेळी हात लावला तर दांडा मेलेला.

लेथवाला_उद्यमबाग
रविवार, रात्री ९:२५

मंडळी, हिशोब देतो.

जुन्या बाजारात तोच बोर्ड मिळाला. विकणारा म्हणाला, ‘हे घेऊन काय करणार?’ म्हटलं विमान उडवणार. त्यानं परत विचारलं नाही. जुनी डिस्क लावलो, विंडोज ७ उठलं, सीडी घातलो, २००४ आणि माझा सांबरा जसा होता तसा. नेटची वायर कापून टाकलोय, पोरगं चुकून पण लावायला नको.

नव्या मशीनवर एफएसएक्स ताईंनी सांगितलेल्या क्रमानं बसवलो. सर्व्हिस पॅकच्या फायली जुन्या डिस्कवर मिळाल्या. डीएलएल भालकीकरांनी त्यांच्या दुकानातल्या व्हिस्टाच्या लॅपटॉपवरनं काढून दिली. कालपासून मेनू मुद्दाम पन्नास वेळा उघडलो, पडलं नाही.

एक गंमत झाली. सेव्ह केलेली उड्डाणं सापडेनात. डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेली असतात ना, तर विंडोज ११ नं डॉक्युमेंट्स उचलून वनड्राइव्हमध्ये नेलेलं. इतके दिवस नेटपासून लांब ठेवलं आणि पहिल्या आठवड्यात माझं गोवा-बेळगाव ढगात गेलं. ते बंद केलो.

मग सांबरा एफएसएक्समध्ये न्यायचा होता. जुनी फाईल तशीच टाकू नका असं वाचलो, म्हणून एअरपोर्ट डिझाइन एडिटर घेतलो. तो २००४ ची फाईल उघडतो आणि एफएसएक्ससाठी बनवून देतो. बनली. उतरायला गेलो तर धावपट्टीचा वाढवलेला तुकडा उन्हात ठेवलेल्या पापडासारखा वाकलेला! विमान उड्या मारत गेलं.

टिळकवाडी_०८३१
रविवार, रात्री ९:५०

सपाटीकरण राहिलं काका. मूळ विमानतळाखाली सपाट केलेला जमिनीचा तुकडा जुन्या लांबीपुरताच आहे. त्याच्या बाहेर धावपट्टी खालच्या उंचसखल जमिनीवर अंथरल्यासारखी पडते. २००४ मध्ये तुम्ही सीनरी.सीएफजीत ओळी लिहून सपाट केलं होतं. इथे एडिटरमध्येच विमानतळाच्या पार्श्वभूमीचा बहुभुज काढा, सपाट करण्याचा प्रकार निवडा आणि धावपट्टीच्या टोकाच्या थोडं पुढेपर्यंत ओढा. उंची मात्र विमानतळाची जी दिली असेल तीच.

लेथवाला_उद्यमबाग
सोमवार, रात्री १०:३०

झालं. लेव्हल एकदम सरफेस प्लेटवर घासल्यासारखी.

खानापूर_एक्सप्रेस
सोमवार, रात्री १०:४१

काका फाईल इथं चढवा की. पश्चिमेकडनं धावपट्टी ०८ वर येताना खाली गाव दिसतंय काय?

लेथवाला_उद्यमबाग
सोमवार, रात्री ११:००

गाव कुठलं रे, नुसती हिरवळ आणि चार डबे घरं. त्याचं नंतर बघूया. आधी एप्रनचं बघालोय. एटीआर ७२ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत २७ मीटर, आणि मी पार्किंगच्या गोलाची त्रिज्या दहाच दिलोय, म्हणून एकही एटीआर टर्मिनलजवळ उभारत नाही. चौदा करतो, मग चढवतो.